दारातला ट्रक आणि घरच्या गाड्या

घरात चालत्या गाड्या तीन आणि न चालणारी एक. आईची स्कूटर, आमच्या ह्यांची मोटरसायकल, सगळ्यांची मिळून एक चारचाकी, आणि परड्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांचा महिंद्रा एफसी-१५० ट्रक. सगळ्यांचं काम घरीच होतं आणि ते मी करते. नोकरी फाउंड्रीत असल्यामुळे लोखंडाशी ओळख जुनी आहे. पण पाना हातात कसा धरायचा हे मामांनी शिकवलं. मामा एसटीच्या कोल्हापूरच्या विभागीय कार्यशाळेतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. ट्रक त्यांच्या वडिलांचा, म्हणजे आबांचा. तरीही तो पुन्हा चालता करायला घरात सगळ्यांत ठाम विरोध त्यांचाच आहे, आणि तो विरोध इतका मुद्द्याचा आहे की तो बाजूला सारून मला पुढं जाता येत नाही.

आमच्याकडं अशी घरं पुष्कळ आहेत. कुणाच्या परड्यात जीप, कुणाच्या पडवीत लॅम्ब्रेटा, कुणाच्या गोठ्याशेजारी आजोबांचा ट्रॅक्टर, आणि दारात रोज लागणाऱ्या दोन-तीन गाड्या. सुटीचा दिवस एक आणि काम करणारं माणूसही एकच. म्हणून आमचं दोघांचं बोलणं इथं मांडते आहे.

आधी ट्रकबद्दल थोडं. विलीज कंपनीनं अमेरिकेत १९५६ साली ही गाडी काढली. तिचा चेहरा ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरचा. महिंद्रानं ती आपल्याकडं १९६५पासून बनवली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८१ इंच, म्हणजे जीपएवढंच. पण ड्रायव्हरची सीट पुढच्या चाकांच्या वर सरकवल्यामुळे मागं माल ठेवायला भरपूर जागा मिळाली. इंजिन केबिनच्या आतच, दोन सीटांच्या मधे, लोखंडी झाकणाखाली. आजोबा त्यातून पन्हाळ्याकडच्या वाड्यांवरचे दुधाचे कॅन शहरात आणायचे. मामा लहानपणी त्या झाकणावर घोंगडं टाकून बसायचे. थंडीत ती सगळ्यांत उबदार जागा, आणि उन्हाळ्यात तिथं बसवत नसे, असं ते सांगतात.

मामा : शेडमध्ये जागा एका गाडीची. छपराखाली, कोरड्या फरशीवर, दिव्याखाली कोण उभंय? जी कुठं जाणार नाही ती. आणि तुझ्या आईला रोज बाजारात नेणारी स्कूटर पावसात उभी. हे उलटं झालं.

मी : ट्रक बाहेर काढायचा तर आधी त्याची पुढची चाकं बसवावी लागतील, मामा. पुढचा अॅक्सल उघडलाय.

मामा : मी तेच विचारतोय. किती दिवस उघडा राहणार? एसटी १९४८ला सुरू झाली. तेव्हापासून डेपोचा हिशेब एकच आहे. रात्री आलेली गाडी पहाटेच्या फेरीला निघाली पाहिजे. डॉकिंगला गाडी घेतली की काय काय बघायचं ते ठरलेलं असायचं. उघडलं, तपासलं, लागलं तर बदललं, मिटवलं. शेजारचा नट खुणावत असला तरी त्याला हात लावायचा नाही. त्याची पाळी आली की त्याला बघायचं.

मी : फेरीला गाडी तयार करायची तर तेच बरोबर आहे. पण मला हा ट्रक फेरीला पाठवायचा नाही. मला तो आतून कळून घ्यायचाय. तुम्ही एवढी हेड उतरवली असतील. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, असं इंजिन शेवटचं कधी उघडलंत?

मामा : आबांच्या या ट्रकचंच. तेव्हा मी आठवीत होतो. मी कंदील धरला होता.

या इंजिनाचं नाव हरिकेन. चार सिलिंडर, १३४ घनइंच, म्हणजे साधारण २.२ लिटर. हेड उतरवलं तेव्हा जे दिसलं ते आजच्या कुठल्याही गाडीत दिसणार नाही. सिलिंडरच्या भोकाशेजारी, ब्लॉकच्याच सपाटीवर, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या चार चकत्या वर तोंड करून बसलेल्या. त्यातली तिसऱ्या सिलिंडरची वर उचललेलीच राहिली होती. दांडा गाइडमध्ये जाम झालेला. मी त्याच्या बुडाशी डिझेल आणि पातळ तेल सोडत राहिले, आणि मधूनमधून लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकत राहिले. व्हॉल्व्ह खाली गेला तो एकदम नाही, केसाएवढा केसाएवढा सरकत. बाहेर काढल्यावर दांड्यावर डांबरासारखा काळा थर आणि त्याखाली गंजाचे खड्डे. गाइडही एका अंगानं घासून अंडाकृती झालेलं. बाजारात ते तयार मिळेना, तेव्हा शिवाजी उद्यमनगर गाठलं. म्हादबा मेस्त्रींनी जिथं इंजिनं घडवण्याची परंपरा रुजवली त्या गावात बिडाचं गाइड लेथवर काढून देणारा कारागीर शोधत फिरावं लागत नाही. जुना भाग हातात घेऊन त्यानं मला एकच गोष्ट विचारली, "दांडा नवा घालणार की हाच?" मी दोन्ही बदलायला सांगितलं.

मामा : बघ, या एका व्हॉल्व्हची गोष्ट तू किती रंगवून सांगतेस. स्कूटरच्या बेल्टची गोष्ट कुणी सांगत नाही. पण बेल्ट तुटला तर तुझी आई भर रस्त्यात उभी राहते. ट्रकचा व्हॉल्व्ह अडकला तर कुणाचं काही अडत नाही.

मी : म्हणूनच स्कूटरचा बेल्ट किलोमीटर बघून बदलते. त्यात शोधायचं काही नसतं, मामा. झाकण उघडायचं, बेल्टच्या आतल्या दातांच्या बुडाशी भेगा आहेत का बघायचं, रोलर एका बाजूनं चपटे झालेत का बघायचं, बदलायचं. आता स्कूटरलासुद्धा फ्युएल इंजेक्शन आहे. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ आलं आणि दुचाकीचा कार्बोरेटर जवळजवळ संपला. बिघाड झाला तर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, स्कॅनर लावला की कोड येतो. ट्रक कुठलाच कोड देत नाही. पॉइंटची फट वीस थाउ आहे का ते फीलर गेजनं बघायचं, स्पार्क निळा येतोय की पिवळा ते बघायचं, पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतंय का ते बघायचं. गाडी कशी विचार करते ते या ट्रकनं मला शिकवलं.

मामा : शिकलीस ना? मग झालं की.

इथं मामांचं म्हणणं मला सरळ खोडता येत नाही. शिकण्यासाठी म्हणून सुरू केलेलं काम शिकून झाल्यावरही का चालू ठेवायचं, याला माझ्याकडं मामांना पटेल असं उत्तर नव्हतं. ते उत्तर पुढं आलं, आणि तेही चारचाकीच्या ब्रेकमधून.

चारचाकीच्या मागच्या डाव्या टायरला आतल्या बाजूनं ओल दिसत होती. ब्रेक ऑइलची टाकीही खुणेखाली गेलेली. एका शनिवारी गाडी शेडसमोर घेतली, मागचं चाक उचललं, खाली घोडी लावली आणि ड्रम उतरवला. व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी टोपण बोटानं जरा उचललं तर आतून ओघळ आला. शूच्या लायनिंगचा खालचा अर्धा भाग काळा आणि चिकट. ब्रेक ऑइल चढलेलं लायनिंग पुसून पुन्हा वापरायचं नसतं, आणि शू एका चाकाचे बदलून भागत नाही, दोन्ही बाजूंचे बदलतात. मी तार-ब्रश घेतला आणि बॅकप्लेटवरचा जुना गंज घासायला लागले.

मामा : ठेव तो ब्रश.

मी : एवढं उघडलंच आहे तर साफ करून रंगाचा एक हात मारते. परत किती वर्षांनी उघडेल कोण जाणे.

मामा : हीच ट्रकची सवय. तिथं ती चालते. इथं शूच्या कडा जिथं टेकतात ती सहा ठिकाणं साफ कर, तिथं ग्रीसचा बारीक हात लाव, सिलिंडर बदल, शू बदल, हवा काढ, मिटव. रंग वाळेपर्यंत गाडी चाकाविना उभी राहील. आणि रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर?

मी ब्रश ठेवला. त्यांच्या म्हणण्यात मला एक फार महत्त्वाची गोष्ट दिसली. आमच्यातला वाद तासांचा नाहीच. ट्रकला किती तास आणि घरच्या गाड्यांना किती, हे वहीत मांडून सहज सुटेल. हात तेच, पाने तेच, पण मन दोन प्रकारचं लागतं. ट्रकपाशी बसलेलं मन म्हणतं, आणखी थोडं खोल जाऊ. रोजच्या गाडीपाशी बसलेल्या मनाला कुठं थांबायचं ते आधी माहीत असावं लागतं. एकाच दुपारी एका मनातून दुसऱ्यात जाणं मला अवघड वाटतं, आणि शेडमध्ये दोन गाड्या सांभाळणाऱ्या प्रत्येकाची खरी कसोटी तिथंच आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून आता एका दिवशी एकाच जातीचं काम घेते.

नवा सिलिंडर बसल्यावर हवा काढायला मामा स्टिअरिंगवर बसले आणि मी चाकापाशी.

मामा : मारलं... धरलंय.

मी : सोडू नका. बुडबुडे येतायत अजून.

मामा : कुठल्या डब्यातलं ऑइल घेतलंस?

मी : नवा डबा, आज फोडलेला. डॉट-३.

मामा : आणि ट्रकच्या तेलाचे डबे?

मी : पलीकडच्या फळीवर. मापंसुद्धा वेगळी ठेवलीत.

हा प्रश्न ते दर वेळी विचारतात आणि तो विचारायलाच हवा. जुन्या गाडीचं काम चालतं त्या शेडमध्ये इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिझेल, केरोसिन सगळं हाताशी असतं. त्यातलं कुठलंही खनिज तेल मापातून ब्रेक ऑइलमध्ये गेलं तर ब्रेकच्या यंत्रणेतली रबरं फुगतात, आणि मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची रबरं बदलावी लागतात. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट-३चा उत्कलनांक नव्यात किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर तो १४०पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना ड्रम तापले की अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. म्हणून अर्धा उरलेला जुना डबा 'टाकवत नाही' म्हणून जपायचा नसतो. ट्रकच्या कामात काटकसर शोभते, ब्रेकच्या कामात नाही.

मामा : आता तुला विचारतो. या गाडीत दोन सर्किटं आहेत. एक नळी फुटली तरी निम्मे ब्रेक राहतात. आबांच्या ट्रकात?

मी : एकच. एक नळी फुटली की सगळे गेले.

मामा : आणि पुढं जड. आबा रिकामा ट्रक घेऊन गगनबावड्याच्या घाटात उतरायचे तेव्हा मागं वाळूची पोती टाकायचे. इंजिन पुढं, ड्रायव्हर पुढं, मागं काही नाही. जोरात ब्रेक लागला की मागची चाकं हलकी व्हायची. एकदा उतारावर पेडल तळाला गेलं. आबांनी गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी धरली आणि डोंगराच्या अंगाला घासत उभी केली. मी झाकणावर बसलेला. तेव्हा मी ठरवलं की गाडीच्या कामात शिरलो तर ब्रेक आधी शिकायचे. आणि त्या ट्रकात तू पोरांना बसवणार?

ही गोष्ट त्यांनी मला याआधी कधीच सांगितली नव्हती. मामांच्या विरोधाचं मूळ कुठं आहे ते मला तेव्हा कळलं, आणि 'शिकलीस ना, मग झालं की' याचं उत्तरही मिळालं. ट्रक उघडला नसता तर ही गोष्ट निघालीच नसती. मामा ब्रेकच्या बाबतीत एवढे कडक का, रोज चारचाकी चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला आणि उद्या ती चालवणाऱ्या माझ्या पोरांना हे कळायला हवं, आणि ते या ट्रकाशेजारी उभं राहूनच कळेल.

मी : म्हणून तर ट्रक पूर्ण करायचाय.

मामा : मग डिझेल इंजिन टाक. इथल्या किती जीपगाड्यांत टाकलंय. पेट्रोलवर तो ट्रक परवडत नव्हता तेव्हाही. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. आपल्याच कारखान्यांच्या उसातलं, ते ठीक. पण पाणी ओढतं. गाडी रोज फिरते तिथं ते जळून जातं. महिनोन्‌महिने उभी राहिली की टाकीच्या तळाशी पाणी बसतं आणि टाकी आतून गंजते. फ्युएल पंपाचा पडदा जुन्या रबराचा, तोही टिकणार नाही.

मी : पडदा आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालते. आणि ट्रक उभा असेल तेव्हा टाकी रिकामी ठेवते. पण इंजिन बदलणार नाही. २०२१च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ स्वरूपात लागते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत फेरफार चालत नाही.

मामा : तो नियम खासगी गाड्यांसाठी. हा मालवाहू म्हणून नोंदलेला आहे.

मी : त्यासाठी आरटीओत आधी तो प्रश्न मिटवावा लागेल, हे मान्य. नोंदणीचे २०,००० रुपयेही भरावे लागतील आणि रोजच्या वापराला तो काढता येणार नाही, तेही मान्य. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

मामा : म्हणजे सगळं करून दूध आणायलासुद्धा उपयोग नाही! अगं, आबांनी मूळ-बिळ काही बघितलं नाही. मिळेल तो कार्बोरेटर बसवला, मिळेल तो पाटा घातला. दूध नासायच्या आत शहरात पोचलं पाहिजे, एवढंच त्यांचं मूळ.

हा त्यांचा सगळ्यांत जोरकस मुद्दा, आणि त्याच्यापुढं मी बराच वेळ गप्प राहिले. आजोबा असते तर त्यांनी डिझेल इंजिन टाकलंच असतं, यात मला शंका नाही. तरीही मी टाकणार नाही. त्यांना ट्रक चालवून घर चालवायचं होतं. मला ते कसे चालवत होते ते पाहायचंय: त्या झाकणाखालची ऊब, पेट्रोलचा तो वास, घाटात दुसऱ्या गिअरला ओढणारं हेच इंजिन. त्यांच्या पोटाची गरज माझ्या पोटाला नाही, आणि ती असल्याचं सोंग आणणं मला प्रामाणिक वाटत नाही.

मामा : बरं, उद्या सगळ्या गाड्या बॅटरीवर येतील. तेव्हा तुझं हे ज्ञान कुठं वापरणार?

मी : तोच माझा मुद्दा आहे. पुढच्या पिढीला घरात उघडता येईल असं इंजिन हेच एक उरेल.

मामा : बॅटरीच्या गाडीलाही ब्रेक असतात, बेअरिंग असतात, टायर असतात, सस्पेन्शनचे बुश असतात. इंजिन जाईल, चाक जाणार नाही. पोरांना शिकवायचं असेल तर चाकापासून शिकव.

मी : मग ट्रकच्या चाकापासून सुरू करू. पुढचा अॅक्सल उघडाच आहे. एका बाजूचं स्टिअरिंग नकल घेऊ. बेअरिंग, सील, ग्रीस, आणि त्याच दिवशी मिटवू. पुढच्या वेळी दुसरी बाजू.

मामा : एका बैठकीत मिटेल एवढंच?

मी : एवढंच. आणि दोन्ही बाजू झाल्या की चाकं बसवून ट्रक शेडच्या मागच्या टोकाला सरकवते. पावसाळ्याआधी स्कूटर आत.

मामा : इंजिन तुझं पेट्रोलचंच राहू दे. पण ब्रेक मी सांगतो तसे. दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर. चेसिस, बॉडी, इंजिन म्हणालीस. त्यात ब्रेक नाही आला.

मी : मूळ सिलिंडर काढायचा, मामा?

मामा : काढ आणि जपून ठेव. ज्यांना बघायचाय त्यांना फळीवर बघू दे. पोरं बसणार असतील तर दोन सर्किटं. नाहीतर मी त्या ट्रकाला हात लावणार नाही आणि तुलाही लावू देणार नाही.

मी होकार दिला. नवा सिलिंडर बसवायला कंस लागेल, पेडलच्या दांडीची लांबी आणि सिलिंडरचा व्यास जुळवावा लागेल, मागच्या-पुढच्या नळ्या वेगळ्या ओढाव्या लागतील. कंस चेसिसला भोक न पाडता, आहे त्याच बोल्टांवर बसतो का ते आधी पाहायचं, एवढी माझी अट त्यांनी मान्य केली. मामांनी खिशातून जुनी टेप काढली, केबिनमध्ये वाकून पेडलपाशी मापं घ्यायला लागले आणि मला लिहून घ्यायला सांगितलं. चारचाकीची चाचणी अजून राहिली होती. मापं अर्धी ठेवून आम्ही आधी ती रस्त्यावर काढली. रिकाम्या गल्लीत हळू वेगात ब्रेक दाबून पाहिले, डावीकडं ओढत नाही याची खात्री केली, परत आल्यावर चाकाच्या आत हात फिरवून ओल नाही हे बघितलं. मग उरलेली मापं घेतली.